ग्लूटेन-फ्री, लो-कार्ब तिखटमिठाची बिस्किटं कुरकुरीत राहत नाहीत, काय करू?

मधलीवेळ

मंडळी, जरा मदत हवीये. घरात सध्या दोन पथ्यं चालू आहेत. मुलीला सिलिअॅक, म्हणजे ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार, निघालाय, त्यामुळे गहू, जव, राय सगळं बंद, आणि नवऱ्याची शुगर वाढलीये म्हणून त्याला डॉक्टरांनी कार्ब्ज कमी करायला सांगितलेत. संध्याकाळी चारच्या सुमारास दोघांनाही काहीतरी कुरकुरीत, तिखटमिठाचं तोंडात टाकायला लागतं. बाहेरची ग्लूटेन-फ्री बिस्किटं आणली तर त्यात तांदळाचं पीठ आणि टॅपिओका स्टार्च भरलेला असतो, म्हणजे मुलीचं भागतं पण नवऱ्याचं नाही, आणि लो-कार्ब म्हणून जे मिळतं त्यातल्या काहींत चक्क गव्हाचं ग्लूटेनच घातलेलं असतं. म्हणून एकच डबा दोघांना चालेल असं घरीच करायचं ठरवलंय.

सध्या बदामाचं पीठ, लोणी, एक अख्खं अंडं, मीठ, मिरपूड, थोडी बेकिंग पावडर असं मळून लाटते आणि 180 वर भाजते. चव छान येते, त्याबद्दल तक्रारच नाही. पण कडेची बिस्किटं काळी पडतात आणि मधली मऊच राहतात, उचलायला गेलं की तुटतात, आणि जी बरी होतात तीही दुसऱ्या दिवशी डब्यातून काढली की मऊ पडलेली असतात. लाटतानाही कणिकेसारखं एकजीव होत नाही, कडा फाटत जातात. साहित्यात काय बदलू की भाजण्यात? आणि अजून एक, एका बिस्किटात कार्ब्ज किती हे घरी कसं काढायचं? नवऱ्याला लिहून ठेवावं लागतं.

मंद_आच

दोन्हीत बदल करावा लागेल, पण आधी हे का होतं ते सांगते, म्हणजे पुढे कुठलीही रेसिपी हातात आली तरी तुम्हाला बघताक्षणी कळेल की ही जमणार की नाही.

गव्हाच्या बिस्किटात दोन गोष्टी काम करतात. ग्लूटेन पीठ धरून ठेवतं आणि स्टार्च भाजताना पाणी पिऊन मग वाळून कडक होतो. बदामाच्या पिठात ग्लूटेन नाही आणि स्टार्च जवळजवळ नाहीच, त्यात वजनाच्या निम्मं तेल असतं. म्हणजे तुम्ही आधीच निम्म्या तेलाचं पीठ घेताय आणि वर लोणी घालताय. गरम झालं की ते सगळं तेल सुटतं, बिस्किट पसरतं, आणि मग खुसखुशीत न होता मऊ आणि ठिसूळ होतं. माझं स्पष्ट मत, बदामाच्या पिठाच्या पातळ बिस्किटात लोणी अजिबात नको. चवीसाठी हवंच असेल तर कडक, जुनं, कोरडं चीज बारीक किसून घाला, त्यातली प्रथिनं भाजताना कडक होतात आणि खारेपणाही मिळतो.

दुसरं अंडं. अख्खं अंडं घातलं की पिवळ्या बलकातली चरबी आणि लेसिथिन बिस्किट मऊ करतात, केकला ते हवं असतं, इथे नको. फक्त पांढरं घ्या. पांढरं म्हणजे प्रथिन आणि पाणी, पाणी उडून गेलं की मागे जे राहतं ते कडक असतं.

तिसरं, पीठ धरून ठेवायला काहीतरी लागणारच. मी इसबगोलाची पूड वापरते. अख्खी साल नाही, मिक्सरमधून अगदी बारीक केलेली. ती पाणी ओढून जेली करते आणि त्यामुळे पीठ लाटता येतं. पण तिला वेळ द्यावा लागतो, मळलं की लगेच लाटायला घेऊ नका, दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवा. सुरुवातीला हाताला चिकटणारा लगदा वाटतो आणि वाटतं अजून पीठ घालावं, तिथे थांबायचं, पंधरा मिनिटांनी तोच गोळा बोटाला न चिकटता दाबला जातो आणि दाबलेला ठसा तसाच राहतो. हा ठसा नीट उमटला आणि कडेने चिरा गेल्या नाहीत तर पाणी बरोबर आहे. चिरा गेल्या तर चमचाभर पाणी. काही ब्रँडच्या इसबगोलाने भाजल्यावर जांभळट रंग येतो, त्याला घाबरू नका, फक्त पुढच्या वेळी दुसरा ब्रँड बघा.

माझं प्रमाण असं. सोललेल्या बदामाचं बारीक पीठ 150 ग्रॅम, जवसाची पूड 30 ग्रॅम, किसलेलं कडक चीज 50 ग्रॅम, तीळ 20 ग्रॅम, इसबगोलाची पूड 5 ग्रॅम, मीठ साधारण अर्धा टीस्पून कारण चीज आधीच खारट असतं, भरड मिरपूड हवी तेवढी, एका अंड्याचं पांढरं, आणि लागेल तसं एक ते दोन टेबलस्पून पाणी. बेकिंग पावडर लागत नाही, इतकं पातळ बिस्किट फुगवून काय करायचं, उलट फुगलेल्या पोकळीत ओल धरून राहते.

लाटणं दोन बेकिंग पेपरच्या मधे. साधा बटर पेपर नको, त्याला पीठ चिकटून बसतं, सिलिकॉनचा थर असलेला पार्चमेंट घ्या. जाडी 3 मिलीमीटरच्या आत, आणि महत्त्वाचं म्हणजे सगळीकडे सारखी. कडा काळ्या आणि मधे मऊ याचं मुख्य कारण तेच असतं, लाटताना कडेला आपोआप पातळ होतं. लाटण्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या ठेवून लाटलं की हा प्रश्नच मिटतो. मग वरचा कागद काढून पिझ्झा कटरने चौकोन पाडा, काट्याने टोचा, आणि खालच्या कागदासकट ट्रेमध्ये सरकवा. एकेक उचलून लावायला जाऊ नका, कच्चं असताना ते तुटतंच.

आता भाजणं, आणि खरी गंमत इथेच आहे. 180 फार होतं. बदामाचं पीठ आतली ओल जायच्या आधीच वरून लाल होतं. 160 वर बारा ते पंधरा मिनिटं, कडेला हलका सोनेरी रंग दिसला की बाहेर. रेघांवर तोडा, उलटे करा, थोडं अंतर ठेवून परत पसरा. ओव्हन 120 वर आणा आणि परत पंधरा-वीस मिनिटं. नंतर ओव्हन बंद, दार बोटभर उघडं, आणि बिस्किटं आतच गार होऊ द्या. पहिल्या वेळी बिस्किट भाजतं, दुसऱ्या वेळी वाळतं. कुरकुरीतपणा येतो तो या वाळण्यातून, जास्त आच देऊन नाही.

बाहेर काढल्यावर गरम असताना दाबून बघू नका. तेल पातळ असतं तोवर ते मऊच लागणार. पूर्ण गार झाल्यावर एक मोडा, टक असा आवाज आला पाहिजे. नुसतं वाकून तुटलं तर परत 120 वर दहा मिनिटं.

काटेतोल

मंद_आच यांनी कृती इतकी नीट दिलीये की त्यात माझं काही नाही, मी कार्ब्जच्या हिशोबाचं सांगतो कारण तो प्रश्न मागे पडायला नको.

सगळ्यात आधी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, कप आणि वाट्यांनी हा हिशोब होत नाही. बदामाचं पीठ कपात दाबून भरलं की सैल भरलं यात खूप फरक पडतो.

मग नेट कार्ब्ज, म्हणजे एकूण कार्बोहायड्रेटमधून फायबर वजा. इथे एक मोठी मेख आहे. अमेरिकेतल्या लेबलवर टोटल कार्बोहायड्रेटमध्ये फायबर धरलेलं असतं, तिथे वजा करायचं. युरोपातल्या लेबलवर कार्बोहायड्रेटचा आकडा फायबर सोडूनच दिलेला असतो, तिथे परत वजा केलंत तर हिशोब चुकतो आणि बदामाचं पीठ जणू शून्य कार्बचं आहे असं वाटायला लागतं. म्हणून पाकीट कुठल्या पद्धतीचं आहे ते आधी बघा.

100 ग्रॅमला ढोबळ आकडे सांगतो. बदाम, एकूण 21-22 ग्रॅम कार्ब, त्यात 12 च्या आसपास फायबर, म्हणजे नेट 9-10. जवस, एकूण 29, पण त्यातलं 27 फायबर, म्हणजे नेट जेमतेम 2. तीळ नेट 12 च्या जवळपास. आता याच्यासमोर तांदळाचं पीठ ठेवा, एकूण 80 आणि फायबर दोन-तीन. टॅपिओका स्टार्च तर जवळपास 90. म्हणून ग्लूटेन-फ्री लिहिलेल्या पाकिटाने शुगरवाल्या माणसाचा काहीच फायदा होत नाही, ग्लूटेन हे प्रथिन आहे आणि कार्ब्ज हा वेगळाच हिशोब. तुम्हाला दोन्ही गाळण्यांतून जाईल तेच घ्यायचंय.

वरच्या प्रमाणाचा हिशोब मी केला. बदामाचे साधारण 14, तिळाचे 2 च्या थोडे वर, चीजचा एखाद-दीड, जवस आणि पांढऱ्याचं नगण्य. पूर्ण घाण्याचे मिळून 18 ते 20 ग्रॅम नेट कार्ब्ज होतात. 4 सेंटीमीटरचे चौकोन कापले तर 45 ते 50 बिस्किटं निघतात, म्हणजे एका बिस्किटाला 0.4 ग्रॅमच्या आसपास. घरी कराल तेव्हा बिस्किटं मोजायची आणि भागायचं, एवढंच. तुमच्या पाकिटावरचे आकडे थोडे वेगळे असले तर तेच धरा.

एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. कार्ब्ज कमी म्हणजे कॅलरी कमी असं नाही. हाच घाणा साडेतेराशे-चौदाशे कॅलरींचा आहे, म्हणजे बिस्किटाला जवळपास 30. बोलता बोलता पंधरा खाल्ली तर साडेचारशे कॅलरी गेल्या, शुगर फारशी हलणार नाही पण वजन हलेल. बशीत मोजून घ्यायची आणि डबा परत आत.

आणि तुमचे मिस्टर इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या (शरीरातलं इन्सुलिन वाढवणाऱ्या) गोळ्या घेत असतील तर कार्ब्ज एकदम कमी केल्यावर शुगर खाली जाऊ शकते. डोस बघायचं काम डॉक्टरांचं, त्यांना सांगून ठेवा की खाण्यात असा बदल चाललाय.

गारवारा

इतकं सगळं करण्यापेक्षा ओट्सचं पीठ घ्या ना, ओट्समध्ये ग्लूटेन नसतं आणि हेल्दी पण, मी तर नेहमी तेच वापरते. निम्मं ओट्स निम्मं चण्याचं पीठ, मस्त कडक होतात.

काटेतोल

कडक होतात हे खरं, पण या घरासाठी नाही जमणार. ओट्समध्ये 100 ग्रॅमला नेट 55 च्या पुढे कार्ब्ज असतात आणि चण्याच्या पिठातही 45 च्या वर. चण्याचं पीठ थोडंसं, म्हणजे घाण्यात 20 ग्रॅम चवीला घातलं तर 9-10 ग्रॅम वाढतील, ते हिशोबात धरून चालवता येईल. ओट्सचं मुलीच्या बाजूने पण बघायला लागेल, त्यावर कुणी अनुभवी बोलेल तर बरं.

दोन_चाळण्या

मी बोलते. माझ्या मुलाला सिलिअॅक आहे, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या जगण्यातला आहे.

ओट्समध्ये मुळात गव्हाचं ग्लूटेन नसतं हे बरोबर, पण शेतात, वाहतुकीत, गिरणीत ते गहू आणि जवाबरोबर मिसळतं, त्यामुळे साधं ओट्सचं पाकीट सिलिअॅकवाल्याने घ्यायचं नाही. ग्लूटेन-फ्री म्हणून वेगळं तपासलेलं मिळतं, पण सिलिअॅक असलेल्या काही थोड्या लोकांना ओट्समधलं अॅवेनिन हे प्रथिनही सोसत नाही. म्हणून मुलीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, विशेषतः निदान नुकतंच झालं असेल तर.

मधलीवेळ, तुमचं सगळं साहित्य वरवर बघता ग्लूटेन-फ्रीच आहे, पण ग्लूटेन येतं ते भलतीकडून. बेकिंग पावडरमध्ये भर म्हणून स्टार्च असतो, बहुतेक वेळा मक्याचा पण काहींत गव्हाचाही असतो. किसलेलं तयार चीज मोकळं राहावं म्हणून त्यात स्टार्च भुरभुरवलेला असतो, तो कशाचा ते वाचा, नाहीतर सरळ चीजचा ठोकळा आणून घरी किसा. तयार मसाल्यांच्या मिश्रणात पीठ असू शकतं. सोया सॉस गव्हाचा असतो. माल्ट लिहिलेलं काहीही म्हणजे जव. बदामाचं पीठसुद्धा जिथे गहू दळला जातो त्याच यंत्रावर दळलेलं असू शकतं, म्हणून त्या पाकिटावरही ग्लूटेन-फ्री लिहिलेलं बघूनच घ्या. हे लेबल उगाच नसतं, अमेरिकेच्या एफडीएने 2013 मध्ये किलोमागे 20 मिलीग्रॅमच्या आत ही मर्यादा ठरवली, कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची आणि युरोपची मर्यादाही तेवढीच आहे. किलोमागे 20 मिलीग्रॅम म्हणजे किती कमी ते डोळ्यासमोर आणा, आणि मग विचार करा की गव्हाचं पीठ चाळलेल्या चाळणीत बदामाचं पीठ चाळलं तर काय होत असेल.

चाळणी हीच सगळ्यात वाईट. जाळीच्या कडेला, जिथे ती पत्र्यात बसवलेली असते ना, तिथे पांढरी रेघ दिसते, कितीही धुतली तरी ती जात नाही. चाळणी वेगळीच घ्या. लाकडी लाटणं आणि पोळपाट पण वेगळं, लाकडात पीठ मुरतं. स्टीलची भांडी, काचेचे बोल नीट धुतले की चालतात. ट्रेवर नेहमी ताजा कागद. फॅनचा ओव्हन असेल तर त्याच वेळी शेजारच्या कप्प्यात गव्हाचं काही भाजायला ठेवू नका. आणि ज्या दिवशी घरात गव्हाचं पीठ चाळलं, उडालं, त्या दिवशी मी ही बिस्किटं करतच नाही, पीठ हवेत बराच वेळ तरंगत राहतं आणि मग हळूहळू ओट्यावर बसतं.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी पण एक, ज्यांना नुसता संशय आहे की आपल्याला ग्लूटेन बाधतं, त्यांनी तपासणी व्हायच्या आधी ग्लूटेन सोडू नका. रक्तातल्या अँटिबॉडीज आणि बायोप्सी दोन्ही ग्लूटेन खाण्यात असतानाच नीट दिसतात. आधी बंद केलं तर रिपोर्ट नॉर्मल येतो आणि खरं काय ते कळतच नाही.

मधलीवेळ

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप खूप आभार. चाळणी आजच वेगळी काढली, आणि चीजचं पाकीट वाचलं तर त्यावर नुसतंच स्टार्च असं लिहिलंय, कशाचा ते नाही, ते बाजूला ठेवलं.

मंद_आच, तुमच्या पद्धतीने दुसऱ्यांदा 120 वर वाळवून बघितलं आणि फरक खरंच दिसतोय, मोडताना आवाज येतो! मुलीने तर डब्यातलं हातात घेऊन आधी मोडूनच बघितलं. पण बदामाचं पीठ फार लागतंय आणि मला कधीकधी नारळाचं पीठही वापरायचंय, घरात पडलंय. ते सरळ बदामाच्या जागी तेवढंच घालू का? आणि बदाम घरीच दळले तर चालतील का? शिवाय मुलीच्या वर्गात एका मुलाला नट्सची अॅलर्जी आहे, डब्यात न्यायला बदामाशिवाय काही करता येईल का, आणि जमल्यास अंड्याशिवायही?

मंद_आच

आवाज आला हे वाचून फार बरं वाटलं!

नारळाचं पीठ तेवढंच घालायचं नाही, अजिबात नाही. ते पाणी प्रचंड ओढतं, बदामाच्या जागी चौथा हिस्सा घेतलं तरी पाणी वाढवावं लागतं. पूर्ण नारळाच्या पिठाचं पातळ बिस्किट मला कधीच पटलेलं नाही, ते भुसभुशीत होतं आणि मागे एक गोडसर चव राहते जी तिखटमिठाशी भांडते. पण 150 ग्रॅम बदामाच्या पिठातलं 30 ग्रॅम कमी करून तिथे 10 ग्रॅम नारळाचं घातलंत तर उलट बरंच होतं, जास्तीची ओल ते शोषून घेतं.

बदाम घरी दळा की. फक्त पूर्ण कोरडे पाहिजेत, भिजवून सोलले असतील तर आधी ओव्हनमध्ये 70-80 वर चांगले वाळवा. मिक्सर थोडा थोडा, थांबून थांबून फिरवायचा, एकसलग फिरवला की भांडं तापतं, तेल सुटतं आणि पिठाऐवजी बदामाचं लोणी होतं. दळण्याआधी तासभर फ्रीझरमध्ये ठेवले की अजून सोपं जातं. मग चाळा आणि वरचं भरड परत फिरवा, कारण भरड राहिलं की बिस्किट तिथूनच तुटतं.

नट्सशिवायचं मी फारसं करत नाही, बियावाले कुणी आहेत का?

बियांचा_डबा

आहे ना, मी तेच करतो, आणि माझ्या मते ही बिस्किटं बदामाच्यापेक्षा जास्त टिकतात. उत्तरेकडच्या देशांत, नॉर्वे-डेन्मार्कमध्ये बियांचे पातळ क्रॅकर्स उकळतं पाणी घालून करतात, मूळ पद्धत ती, त्यात पीठही घालतात, ते मी काढून इसबगोल घातलंय.

सूर्यफुलाच्या बिया 100 ग्रॅम, भोपळ्याच्या 60, तीळ 60, अख्खे जवस 60, इसबगोलाची साल दोन टेबलस्पून, मीठ एक टीस्पून, तेल दोन टेबलस्पून, आणि वरून उकळतं पाणी पाव लिटरच्या जरा आत. अंडं नाही, चीज नाही. ढवळून वीस मिनिटं बाजूला ठेवा. या वेळात काय होतं ते बघण्यासारखं असतं, सुरुवातीला तळाशी पाणी आणि वर तरंगणाऱ्या बिया, मग जवसाभोवती चिकट थर यायला लागतो, आणि शेवटी चमचा उभा केला तर तो हळूच कलतो पण पडत नाही. तळाशी पाणी उरलं नाही की लाटायला घ्या. कागदाखाली बियांच्या जाडीइतकंच पातळ, 3-4 मिलीमीटर. 150 वर पन्नास मिनिटं ते एक तास, मधे एकदा बाहेर काढून रेघा पाडायच्या आणि उलटायचं. पाणी भरपूर आहे त्यामुळे इथे घाई चालत नाही, मधला तुकडा मोडून त्यात ओल आहे का बघूनच बंद करा.

बिया दळून पीठ करून वापरायचं असेल तर सूर्यफुलाचं पीठ बदामासारखंच वागतं, पण त्यात बेकिंग सोडा किंवा बेकिंग पावडर घालू नका. त्या बियांत क्लोरोजेनिक आम्ल असतं, सोड्याशी गाठ पडली की बिस्किटं आतून हिरवी होतात, कधीकधी दुसऱ्या दिवशी. खायला काही धोका नाही पण मूल ते डब्यातून काढून खाणार नाही. थोडं लिंबू पिळलं तर रंग आटोक्यात राहतो.

एक लक्षात ठेवा, तीळ ही पण अॅलर्जीची वस्तू आहे आणि ती जोरदार असू शकते. त्या मुलाच्या घरी आधी विचारा, तीळ चालत नसतील तर भोपळ्याच्या बिया वाढवा. आणि बियांच्या पाकिटावर नट्सबरोबर पॅक केल्याची सूचना आहे का तेही बघा.

इसबगोल आणि जवस दोन्ही पाणी ओढतात, त्यामुळे ही बिस्किटं खाताना सोबत पाणी हवंच, मुलीच्या डब्याबरोबर बाटली आठवणीने द्या. इसबगोल जास्त पोटात जात असेल तर औषधं आणि हे यात थोडं अंतर ठेवतात, कारण औषध शोषलं जायला अडथळा येऊ शकतो. मिस्टरांच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून घ्या.

गारवारा

ओट्सचं माहीतच नव्हतं हो, बरं झालं सांगितलंत. ही बियांची एअर फ्रायरमध्ये होतील का? माझ्याकडे मोठा ओव्हन नाही. आणि डब्यात मऊ पडतात त्याचं काय करायचं ते राहिलंच की.

बियांचा_डबा

होतात, पण थोडी थोडी करावी लागतात. आच 140 ठेवा कारण पंखा जोरात असतो. कागद बास्केटपेक्षा लहान कापा आणि सुरुवातीची दहा मिनिटं वर एखादी छोटी स्टीलची जाळी किंवा स्टँड ठेवा, नाहीतर कागद उडून वरच्या कॉइलला लागतो, ते धोक्याचं आहे. रिकामा कागद आत ठेवून प्रीहीट कधीच करू नका. मायक्रोवेव्हवर मात्र नको, तिथे वाळायच्या आधी मधेच जळतं.

मंद_आच

डब्याचं मी सांगते. बिस्किट कोमट असताना झाकण लावलं तर त्याचीच वाफ आत अडकते, म्हणून जाळीवर पूर्ण गार होऊ द्या, खाली ताटात नाही, खालून ओल धरते. मग घट्ट झाकणाचा काचेचा किंवा पत्र्याचा डबा. कापडाच्या किंवा कागदाच्या पिशवीत हवेतली ओल आत जाते. चीज घातलेली बिस्किटं चार-पाच दिवसांत संपवा, बियांची दोन आठवडे सहज राहतात. दमट हवेत कितीही जपलं तरी मऊ पडतातच, तेव्हा 120 वर आठ-दहा मिनिटं ठेवून परत गार करा, पुन्हा तशीच होतात, म्हणून मी एकदम मोठा घाणा करायला भीत नाही.

जवसाची पूड मात्र साठवू नका. दळलं की त्यातलं तेल लवकर खवट होतं आणि तो कडवटपणा अख्ख्या घाण्याला लागतो. जवस अख्खे ठेवा, लागतील तेवढेच दळा, उरलीच पूड तर फ्रीझरमध्ये. बदामाचं पीठ पण उघडल्यावर फ्रीजमध्येच, वापरायच्या आधी वास घेऊन बघा, रंगासारखा किंवा जुन्या तेलासारखा वास आला तर ते पीठ टाकून द्या.

मधलीवेळ

बियांची उद्या करते, त्या मुलाच्या आईला तिळाचं आत्ताच विचारलंय, त्याला तीळ चालतात म्हणाली. भोपळ्याच्या बिया मात्र थोड्याच आहेत, त्या जागी सूर्यफुलाच्याच वाढवल्या तर चालेल ना?

बियांचा_डबा

चालेल, वजन तेवढंच ठेवा. फक्त मीठ पाव चमचा कमी करून बघा, सूर्यफुलाच्या बिया खारवलेल्या असतात कधीकधी.